प्लायवुडचा व्यापार आणि बांधावरील झाड

कामथडीच्या शेतकऱ्याने बांधावर निलगिरीची अथवा सुबाभळीची रोपे लावली, तर ते लाकूड विक्रीस येईपर्यंत काही वर्षे लोटतात. तेवढ्या अवधीत बाजार कोठल्या कोठे जातो. म्हणून रोप लावण्यापूर्वी या बाजाराची चाल समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने इंडोनेशिया व चीन या दोन देशांची हकीकत फार बोधप्रद आहे.

प्लायवुडसाठी ओंडका यंत्रावर गरगर फिरवून त्याचा पातळ पापुद्रा सोलतात, आणि असे पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे रचून, चिकटवून दाबतात. याकरिता खोड सरळ व गाठी नसलेले हवे. वाकडेतिकडे लाकूड पार्टिकल बोर्डाला व एमडीएफला चालते, कारण तेथे त्याचा चुरा किंवा तंतूच करावयाचे असतात. उसाच्या चिपाडापासूनही असा बोर्ड होतो.

इंडोनेशिया 1970 नंतरच्या दशकात जंगलातील ओंडके जसेच्या तसे परदेशी विकीत असे. 1985 साली त्या सरकारने ओंडक्यांची निर्यात पूर्णपणे बंद केली. कच्चा माल देशातच अडकल्याने कारखाने भराभर उभे राहिले, आणि थोड्याच वर्षांत तो देश प्लायवुडच्या निर्यातीत जगात अग्रेसर ठरला. जपान हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. तथापि सारा डोलारा नैसर्गिक जंगलावर उभा होता. मोठे वृक्ष विरळ होऊ लागले तशी निर्यातही घसरली.

चीन त्या काळी प्लायवुड विकत घेणारा देश होता. 1998 साली यांगत्से नदीला महापूर आला, आणि त्यानंतर तेथे नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर कडक निर्बंध आले. आश्चर्य असे की, याच सुमारास त्याचा प्लायवुडचा धंदा फोफावला. मैदानी मुलखात शेतकऱ्यांनी पोपलरची झाडे लावली होती, आणि उणीव पडेल तेथे परदेशी ओंडके आणले गेले. 2000 नंतर काही वर्षांतच चीनने इंडोनेशियाला मागे टाकले. पुढे जावा बेटावरील लहान शेतकऱ्यांनी लावलेले सेंगोन हे लवकर वाढणारे झाड इंडोनेशियाच्या कारखान्यांना आधार झाले, व त्याच्या पट्ट्या चिकटवून केलेले तक्ते चीनलाच जाऊ लागले.

आपल्याकडे यमुनानगरच्या परिसरात पोपलरवर असाच धंदा उभा राहिला. परंतु एकाच वेळी सर्वांनी लागवड केल्यामुळे 2000 नंतर भाव कोसळले, आणि अनेकांनी झाडे उपटून टाकली. सगळा बांध एकाच वर्षी लावू नये, ते यासाठी. पोपलर हे थंड हिवाळ्याच्या उत्तरेकडील मुलखाचे झाड असल्याने भोरकडे त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. निलगिरी लगतच्या पिकाचे पाणी ओढते, म्हणून ती विहिरीपासून व भाजीपाल्यापासून दूर लावावी.

आंबा, जांभूळ, हिरडा, साग ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. इतर झाडांबाबतही तोडीपूर्वी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे. गिऱ्हाईक ठरल्याखेरीज कुऱ्हाड लावू नये. सोलणीला ओला ओंडका लागतो. उन्हात पडून टोकांना चिरा गेल्या, की तो सरपणाच्या भावाने जातो.