गवत ओळखा तुऱ्यावरून

श्रावण संपून भाद्रपद लागला, की शिरूरच्या आमच्या दवाखान्यात एक वाक्य रोज कानावर पडते. "डॉक्टर, मला गवताची ॲलर्जी आहे." कोणाला शिंकांनी हैराण केलेले असते, कोणाचे डोळे चुरचुरत असतात, तर कोणाची मान खाजवून खाजवून काळी पडलेली असते. तक्रारी वेगवेगळ्या, पण आरोपी एकच, गवत! आता गवत म्हणजे नेमके कोणते, हे ना पेशंट सांगतो, ना डॉक्टर विचारतो. मीही कित्येक वर्षे विचारत नव्हतो. ते न विचारल्याने एका माणसाचे काय नुकसान झाले, ते आज सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या एका गावातून साठीच्या घरातील एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांना आपण नाना म्हणू. न्हावऱ्यावरून एस.टी. बदलून ते आले होते. चेहरा सुजल्यासारखा, पापण्या जाड झालेल्या, मानेवर, गळ्याच्या उघड्या भागावर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला खरखरीत काळपट चट्टे. "बांधावरचं गवत कापलं की उठतंय बघा," नाना म्हणाले. मी गोळ्या दिल्या, मलम दिले आणि वर डॉक्टरी थाटात सांगितले, "नाना, गवतापासून लांब राहा."

पुढच्या पावसाळ्यात नाना पुन्हा आले. त्रास दुप्पट झाला होता. मधल्या काळात त्यांनी गवत कापायचे बंद केले होते. घरात गवत कापणारे दुसरे कोणी नाही, म्हणून दोन गाई विकून टाकल्या होत्या. डेअरीचे पैसे बंद झाले होते. नाना समोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, म्या गवत सोडलं, पण गवतानं मला काय सोडलं न्हाई."

खरे सांगतो, मी वरमलो. माझ्या एका वाक्यावर या माणसाने दोन गाई विकल्या होत्या. मी त्यांना सांगितले, "पुढच्या वेळी येताना बांधावर आणि गोठ्याभोवती जे जे उगवते, त्याची एकेक काडी तुऱ्यासकट घेऊन या."

आठ दिवसांनी नाना पिशवी भरून घेऊन आले. आम्ही टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले आणि एकेक काडी वेगळी केली. त्या अर्ध्या तासात मी जे शिकलो, ते कॉलेजात कोणी शिकवले नव्हते.

गवत म्हणायचे कशाला?

आपल्या भागातला माणूस गवताच्या फुलाला फूल म्हणत नाही, तुरा किंवा कणीस म्हणतो. ते बरोबरच आहे. ऊस, ज्वारी, बाजरी, गहू ही सगळी गवताच्याच कुळातली. उसाचा तुरा पाहिलेल्या माणसाला गवत ओळखणे जड जाऊ नये.

कोणताही तुरा हातात घेऊन नीट पाहा. तो लहान लहान दाण्यांसारख्या भागांचा बनलेला दिसेल. या प्रत्येक भागाला कणिशक म्हणतात. त्याच्या तळाशी साधारणपणे दोन तुसे असतात आणि आत फूल दडलेले असते. त्या फुलाला ना पाकळी, ना रंग, ना वास. कारण त्याला फुलपाखराची गरज नाही. त्याचे काम वारा करतो. फुलण्याच्या वेळी बारीक धाग्यांवर परागकोश बाहेर लोंबतात आणि वाऱ्यावर पराग सोडतात. काडीला पेरे असतात आणि पानाचा तळ काडीला म्यानासारखा गुंडाळलेला असतो.

नानांच्या पिशवीतील पहिली काडी हराळीची होती. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. तिच्या टोकाला एकाच ठिकाणाहून हाताच्या बोटांसारखी तीन ते सहा बारीक कणसे फुटतात. दुसरी मारवेल. हिचीही बोटेच, पण कणिशके जोडीजोडीने बसलेली आणि त्यांतल्या एकालाच बारीक कुसळ. काडीच्या पेरांवर पांढऱ्या केसांचे कडे असते. जनावरे ही आवडीने खातात. तिसरी काडी अंजन गवताची. त्याचे कणीस म्हणजे जणू लहानशी बाटली धुण्याची कुंचली, सगळीकडून मऊ केसांची. चौथी काडी कुसळीची. हिच्याविषयी पुढे बोलू. पाचवा लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. त्याची काडी बोटांत फिरवा, तीन कडा हाताला लागतात.

आणि सहावे झाड पाहून मी थांबलो. फांद्या फुटलेल्या, पाने गाजरासारखी कातरलेली आणि शेंड्यावर पांढऱ्या खड्यांसारखी बारीक बारीक फुले. नाना म्हणाले, "हे तर गाजर गवत. हे काय म्या कापत न्हाई. उपटून बाजूला टाकतो." कशाने उपटता, विचारले तर म्हणाले, "हातानं!" आणि उगवते कुठे? गोठ्याच्या मागे, घराच्या भिंतीला लागून, नाना रात्री बाज टाकतात तिथपर्यंत.

नावाचे गवत

वाचकहो, गाजर गवत हे गवत नाहीच. ते सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातले झाड आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम. ते मूळचे अमेरिका खंडातले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते इकडे पसरले, असे मानले जाते. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी जुना संबंध आहे. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात उकिरड्यावर अभ्यासकांच्या नजरेस पडले आणि १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तिथून ते पाहता पाहता देशभर गेले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८० च्या दशकात आपल्या देशात आणून सोडले गेले. पण त्यांच्या भरवशावर हे झाड संपलेले नाही, हे शिरूर-दौंड रस्त्याच्या कडेला कोणालाही दिसेल.

या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाडावरची बारीक लव, वाळलेल्या पानांचा चुरा आणि पराग हवेत उडतात आणि अंगाच्या उघड्या भागावर बसतात. म्हणूनच नानांचे चट्टे चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपरांच्या घडीत होते. झाडाला हात लावायलाच हवा असे नाही, शेजारी झोपले तरी पुरते. आणि एकदा का शरीर त्यावर बिथरले, की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास उठतो. अशा काही पेशंटना शेवंतीची फुले हाताळूनही खाज सुटते.

नानांना मी पुण्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती पॅच टेस्ट झाली आणि आरोपी सापडला. आम्ही मात्र वर्षभर साप साप म्हणून भुई धोपटत बसलो होतो.

खऱ्या गवताचा त्रास

याचा अर्थ खरे गवत अगदीच निर्दोष असते असा नाही. पण त्याचा त्रास वेगळा असतो, आणि तोही तुऱ्यातूनच येतो.

पहिला परागांचा. गवताला तुरे आले की वाऱ्यावर पराग उडतात. त्याने लागोपाठ शिंका येतात, नाक वाहते, डोळ्यांना पाणी येते, काहींना दम लागतो. म्हणजे नाक, डोळे आणि छाती ही परागांची जागा, तर उघड्या कातडीवरचे जाड चट्टे ही बहुधा गाजर गवताची. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मे निदान होते. अर्थात गाजर गवताचे परागही नाकाला त्रास देतात, म्हणून शंका असेल तर तपासून घ्यावे. पराग सोसत नसणाऱ्याने गवत तुऱ्यावर येण्याआधीच कापून घ्यावे. दमा असणाऱ्याने डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नये.

दुसरा त्रास कुसळाचा. पावसाळा सरता सरता माळरानावर कुसळीच्या तुऱ्याची लांब तपकिरी कुसळे एकमेकांत गुंतून त्यांचा झुबका होतो. ही तिची खूण. प्रत्येक कुसळाच्या खाली टोकदार बी असते आणि त्या टोकावर मागे वळलेले ताठ केस. कुसळाला दोरीसारखा पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा पडतो, आणि तसतसे बी गिरमिटासारखे आत शिरते. निसर्गाने ही युक्ती जमिनीत रुजण्यासाठी दिली. पण ते बी मेंढीची लोकर, आपले धोतर आणि पायाची कातडी यांत भेद करत नाही. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढे जाते, उलटे येत नाही.

म्हणून डोळ्यात कुसळ गेले किंवा उसाचे पाते लागले तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गवताच्या जखमेतून बुबुळावर बुरशी वाढू शकते. अशा वेळी दुकानातून मागून घेतलेले किंवा घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, की दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. कानात कुसळ गेले तर काडी, पिन घालून कोरू नये. पायात मोडले तर तेवढे काढून घ्यावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. मुलांना गवताचा तुरा तोंडात धरून पळू देऊ नये. श्वासाबरोबर तो आत गेला तर खोकल्याने बाहेर येण्याऐवजी आत आत सरकतो.

काय करावे?

गाजर गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला रुमाल. ज्याला त्रास आहे, त्याने हे काम मुळीच करू नये, शेजाऱ्यांनी करावे. वाळलेल्या झाडांची होळी करून धुरात उभे राहू नये. शेतातून आल्यावर हात, तोंड, मान साबणाने धुऊन कपडे बदलावेत. कपडे अशा झाडांवर वाळत घालू नयेत. आणि खाज थांबते म्हणून दुकानातली ट्यूब महिनोन् महिने चोळू नये, त्याने कातडी पातळ होते.

नानांच्या मुलाने आणि भावकीतल्या पोरांनी दोन सुट्ट्यांत गोठ्याभोवतीचे गाजर गवत काढून टाकले. नाना पूर्ण बरे झाले असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात अजून थोडा त्रास होतो, औषध लागते. पण पापण्यांची सूज गेली, झोप लागू लागली. पुढच्या वर्षी त्यांनी एक कालवड घेतली. तिच्यासाठी ते बांधावरची मारवेल स्वतः कापतात आणि त्यांना काहीही होत नाही.

तेव्हापासून कोणी "गवताची ॲलर्जी" म्हणाले, की मी आधी दोन प्रश्न विचारतो. त्रास अंगावर कुठे आहे, आणि त्या गवताचा तुरा कसा आहे? तुरा सांगता आला नाही तर तो कागदात गुंडाळून आणायला सांगतो. तुम्हीही आपल्या डॉक्टरांकडे जाताना एवढे कराच. पांढरी फुले असतील तर मात्र हात न लावता, पिशवीतून आणा.