सुईचा सौदा आणि युरोपचा कायदा

दोन मोठे व्यापारी चहा घेता घेता ठरवतात, 'तुमच्या गावात आम्ही येत नाही, आमच्या गावात तुम्ही येऊ नका.' आपल्या बाजारात याला समजूतदारपणा म्हणतात. युरोपात मात्र असा सौदा कायद्याने रद्दबातल ठरतो, वर जबर दंडही होतो.

1957 च्या रोम करारापासून तिथे दोन कलमे आहेत. आज त्यांचे क्रमांक 101 आणि 102. पहिले आपसात भाव बांधणे व बाजार वाटून घेणे रोखते. दुसरे बाजारावर जम बसलेल्या कंपनीने त्या ताकदीचा गैरवापर करणे रोखते.

शिवणकामाच्या सुईचेच पाहा. जर्मनीची प्रिम आणि ब्रिटनची कोट्स यांनी, सुया बनवणाऱ्या एन्टाको या ब्रिटिश कंपनीला मध्ये घेऊन, 1994 ते 1999 पर्यंत माल आणि मुलूख वाटून घेतले. सुईची किंमत ती काय! पण तीच सुई शिंप्याला दुसऱ्या ठिकाणाहून स्वस्त मिळण्याची वाट बंद झाली, हा खरा मुद्दा. युरोपीय आयोगाने 2004 साली प्रिम आणि कोट्सला प्रत्येकी 3 कोटी युरो दंड केला. 2007 मध्ये न्यायालयाने रक्कम कमी केली, दोष मात्र कायम ठेवला. एन्टाकोला काहीच दंड नाही, कारण तिने पुरावा आणून दिला होता. जो पहिला येऊन कबूल करतो त्याला माफी, अशी ही तरकीब आहे. त्यामुळे सौद्यातील भागीदारांचा एकमेकांवरचा भरवसाच उडतो.

दंड कंपनीच्या जगभरातील वार्षिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मोठे होणे हा मात्र गुन्हा नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. गूगलला 2017 साली 242 कोटी युरो दंड झाला तो तिच्या आकारासाठी नव्हे. शोधात तिने भावांची तुलना करणारी स्वतःची सेवा वर दाखवली आणि इतरांच्या तशाच सेवा खाली ढकलल्या, म्हणून. सप्टेंबर 2024 मध्ये वरच्या न्यायालयानेही तो दंड कायम केला. आपल्या फिकहमध्ये एहतिकार नाजायज मानला आहे, तिथेही बोट मालदार असण्यावर नाही, माल अडवून लोकांना नाडण्यावर आहे.

युरोपला माल पाठवणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावे. करार युरोपाबाहेर झाला म्हणून सुटका नाही. 1988 साली कागदाच्या लगद्याच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की, बाहेर ठरलेला भाव तिथल्या बाजारात अमलात आणला तर कायदा लागू होतो. तेव्हा चार निर्यातदारांनी तिकडच्या ग्राहकासाठी इथे बसून एक दर बांधला, तरी तो याच कायद्यात सापडतो. भारतातही 2002 चा स्पर्धा कायदा आहे आणि अशा गटबाजीविरुद्धची त्याची कलमे 2009 पासून लागू आहेत.