सशाला घाबरणारा पीटर

पीटर जेमतेम तीन वर्षांचा. एरवी खेळकर पोर, पण ससा दिसला की किंचाळायचा. ससाच कशाला, पांढरा उंदीर, केसाळ कोट, पिसं, अगदी कापूस पाहूनही त्याची घाबरगुंडी उडायची. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याची भीती घालवायचं मनावर घेतलं, आणि मानसशास्त्रातला मला सगळ्यांत लोभस वाटणारा प्रयोग घडला.

त्याआधी, १९२० साली, जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगाचा अहवाल छापला होता. तो प्रयोग नेमका उलटा होता. अल्बर्ट नावाचं अकरा महिन्यांचं बाळ पांढऱ्या उंदराला बिचकत नसे. ते उंदराला हात लावायला गेलं की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. थोड्याच वेळा हे झालं आणि बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागलं, पुढे ससा आणि कुत्रा पाहूनही. भीती शिकवता येते हे दिसलं. ती घालवायची मात्र राहून गेली, कारण बाळ तिथून निघून गेलं. आज असल्या प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. तरी मानसशास्त्र शिकणाऱ्या पोरांना अल्बर्ट पाठ असतो आणि पीटर ऐकूनही माहीत नसतो, हा मला अन्याय वाटतो.

जोन्सबाईंनी आधी पीटरला सशाला न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत खेळू दिलं. गाडी रुळावर येत होती. तेवढ्यात त्याला स्कार्लेट फीवर झाला, आणि रुग्णालयातून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर धावून आला. केलेलं सगळं पाण्यात! मग बाईंनी नवी युक्ती काढली. पीटर खुर्चीत बसून आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतपतच हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. कापूस, कोट आणि पिसं यांची भीती तर त्यांच्यावर वेगळा उपचार न करताच ओसरली होती. हा अभ्यास १९२४ साली छापून आला. फोबियावरच्या, म्हणजे अतिरेकी भीतीवरच्या, आजच्या उपचारांचा गाभा तोच आहे: ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ जायचं, पण पायरीपायरीनं आणि स्वतःच्या मर्जीनं. स्वीडनचे लार्स-गोरान ऑस्ट यांनी कोळ्यासारख्या एकाच गोष्टीच्या फोबियासाठी जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीची पद्धत बसवली. वर्षानुवर्षांची भीती अनेकांच्या बाबतीत एकाच दुपारी आटोक्यात येते!

पण वाटेल त्या गोष्टीची भीती सारख्याच सहजतेनं शिकवता येते का? १९८०च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेली माकडं घेतली. या माकडांनी साप कधी पाहिलाच नव्हता, म्हणून त्यांना त्याची भीतीही नव्हती. सापाला पाहून घाबरणाऱ्या दुसऱ्या माकडांची चित्रफीत दाखवल्यावर तीही सापाला घाबरू लागली. मग तीच फीत अशी जोडली की ती माकडं फुलांना घाबरताहेत असं दिसावं. फुलांची भीती कोणीही शिकलं नाही. मेंदू काही धडे घ्यायला आधीच तयार बसलेला असतो तो असा. आपल्याकडे रस्त्यावर इतकी माणसं मरतात, पण मोटारसायकलचा फोबिया असलेला माणूस क्वचितच भेटतो. अर्थात कोकणात फुरसं या सापाच्या भीतीनं रात्री बॅटरी घेऊन चालणाऱ्या माणसाला फोबिया नसतो, अक्कल असते. सापाचा फोटो पुस्तकात येईल म्हणून पोर पुस्तकच उघडत नसेल, आणि हे महिनोन् महिने चालू असेल, तर मामला वेगळा.

या सगळ्यांत रक्ताचा फोबिया अजब. इतर भीतीत काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, माणूस पळायला तयार होतो. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्याचंही सुरुवातीला तसंच होतं. पण मग रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस धाडकन खाली! अशा वेळी 'अंग सैल सोड, शांत हो' असं सांगणं म्हणजे त्याला आणखी लवकर पाडणं. म्हणून ऑस्ट यांनी नेमकं उलटं शिकवलं: हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा ऊबदार वाटू लागला की सोडायचे आणि पुन्हा आवळायचे. दाब टिकतो, भोवळ टळते.

आता सगळ्यांत चकित करणारी गोष्ट. बरा झालेला फोबिया पुसला गेलेला नसतो. घंटेनंतर खाणं येईनासं झालं म्हणून घंटेला लाळ गाळणं सोडून दिलेला कुत्रा थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा लाळ गाळतो, हे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हनंच पाहिलं होतं. पुढे अमेरिकेत मार्क बाउटन यांनी दाखवलं, की एका पिंजऱ्यात भीती विसरलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात गेला की पुन्हा घाबरतो. म्हणजे जुना धडा तसाच राहतो आणि त्याच्या शेजारी 'इथे धोका नाही' असा नवा धडा बसतो. इंग्रजी कितीही सराईत झाली तरी मराठी जागची हलत नाही, आणि ठेच लागली की तोंडातून 'आई गं' येतं, तसंच हे. म्हणून लिफ्टला घाबरणाऱ्याला चांगला उपचारक एकाच लिफ्टमध्ये घेऊन जात नाही. मॉलची, ऑफिसची, मावशीच्या बिल्डिंगची, सगळ्या लिफ्ट चढायला लावतो.

भाषेचा आणि भीतीचा संबंध याहून जवळचा आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषेच्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांच्या बोटांना यंत्र लावून घाम मोजला. लहानपणी ऐकलेल्या दटावण्या तुर्कीत ऐकवल्या की घाम वाढायचा. इंग्रजीत ऐकवल्या तर फारसा नाही. २०१८ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात 'आता विजेचा धक्का बसू शकतो' ही धमकी परक्या इंग्रजीत दिली, तेव्हा शरीर मातृभाषेतल्या धमकीपेक्षा कमी दचकलं. ज्याला लहानपणी 'बागुलबुवा आला' म्हणून झोपवलं, त्याला याचा पुरावा वेगळा द्यायला नको.

मानसशास्त्राची पुस्तकं इंग्रजीतून वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पुस्तक इंग्रजीत वाचा, परीक्षाही इंग्रजीत द्या, पण समोरच्या माणसाला त्याची भीती त्याच्या भाषेत सांगू द्या. आणि भीती स्वतःचीच असेल तर १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.