नजात कशाने मिळते? कुरआनमधल्या चार घटना

ईद-उल-अज़हा जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. बकरा केवढ्याला पडला? वजन किती भरलं? मुलं त्याच्यासोबत फोटो काढतात, ते लगेच व्हॉट्सॲपवर फिरतात. अशातच एखादं लेकरू विचारतं, "अब्बा, कुर्बानी केली की आपण जन्नतमध्ये जाणार ना?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना मोठी माणसंही अडखळतात. पवित्र कुरआनमधल्या चार घटना समजून घेतल्या तर उत्तर सापडतं.

पहिली घटना हज़रत आदम (अलै.) यांच्या दोन मुलांची (सूरह माइदा). दोघांनीही कुर्बानी दिली. एकाची कबूल झाली, दुसऱ्याची नाही. कुर्बानी कशाची होती, केवढी होती, हे कुरआन सांगतच नाही. अल्लाह तकवा बाळगणाऱ्यांकडूनच कबूल करतो, एवढंच तिथे सांगितलं आहे. ज्याची नाकारली गेली, त्याने सख्ख्या भावाचा जीव घेतला. म्हणजे खोट मनात होती.

दुसरी घटना हज़रत इब्राहीम (अलै.) यांची (सूरह साफ्फात). म्हातारपणी दुआ करून मिळालेला मुलगा हाताशी आला आणि त्याला ज़बह करत असल्याचं स्वप्न पडलं. त्यांनी मुलाला सगळं सांगून त्याचं मत विचारलं. मुलानेही सब्र ठेवण्याचा शब्द दिला. बाप-लेक दोघे झुकले, तेव्हाच हाक आली की स्वप्न खरं करून दाखवलंस. मुलाचा जीव वाचला, त्याच्या बदल्यात दुसरी कुर्बानी दिली गेली. अल्लाहला हवी होती ती फर्माबरदारी. जनावराचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तुमचा तकवा पोहोचतो, असा सूरह हजच्या ३७व्या आयतीचा आशय आहे.

मग नेक बापाच्या पुण्याईवर मुलगा तरतो का? तिसरी घटना हज़रत नूह (अलै.) यांची (सूरह हूद). लाटा उसळत असताना त्यांनी मुलाला नावेत बोलावलं. तो म्हणाला, मी डोंगराचा आसरा घेईन. तो बुडाला. पैगंबराचा मुलगा असणंही त्याच्या कामी आलं नाही.

चौथी घटना याच्या उलट आहे. फिरऔनची पत्नी हज़रत आसिया जुलमी बादशहाच्या महालात राहत होत्या. त्यांनी अल्लाहकडे जन्नतमध्ये घर मागितलं आणि फिरऔनपासून सुटका मागितली. सूरह तहरीममध्ये ईमानवाल्यांसाठी त्यांचंच उदाहरण दिलं आहे. नवरा बुडाला, पण त्याचं पाप त्यांना चिकटलं नाही.

चारही घटनांचा धागा एकच. कोणी कोणाचं ओझं उचलणार नाही. ईमान ज्याचं त्याचं, अमल ज्याचा त्याचा. पण म्हणून अमलाचा गर्वही नको. आपल्या अमलाच्या जोरावर कोणीही जन्नतमध्ये जाणार नाही, मीसुद्धा अल्लाहच्या रहमतीशिवाय नाही, या आशयाची पैगंबर (स.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

याचा अर्थ कुर्बानी करू नये असा मुळीच नाही. ती इबादत आहे, मनापासून करावी. पण भावाशी अबोला धरून, बहिणीचा वारसाहक्क दाबून, उसने घेतलेले पैसे बुडवून महागडा बकरा आणला, तर आपण आदम (अलै.) यांच्या कोणत्या मुलाच्या रांगेत उभे आहोत, हे ज्याचं त्याने तपासावं. सुरी हातात घेण्याआधी भावाला एक फोन करावा, बहिणीचा वाटा द्यावा. कधी कधी बकऱ्यापेक्षा हीच कुर्बानी जड जाते.

मग त्या लेकराला काय सांगायचं? "बेटा, बकरा आपल्याला जन्नतमध्ये नेत नाही. आपण अल्लाहचं ऐकतो, कोणाचा हक्क मारत नाही आणि त्याच्या रहमतीची आशा ठेवतो. कुर्बानी त्याचीच आठवण आहे."

अल्लाह आपल्या सर्वांची कुर्बानी कबूल करो. आमीन.