नवा कॅम्पर घेताना विचार सहीपूर्वीच हवा

अमेरिकेत उन्हाळा जवळ आला, की राष्ट्रीय उद्यानांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कॅम्परची वर्दळ वाढते. मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे हे चाकांवरचे घर. त्यात बिछाने, छोटे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असते. करोनाच्या साथीत विमान आणि हॉटेल टाळणाऱ्या कुटुंबांनी अशा वाहनांना मोठी पसंती दिली. २०२१ मध्ये फिरत्या घरांच्या सर्व प्रकारांतील सुमारे सहा लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली; २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. मागणी ओसरली, की शोरूममध्ये घासाघीस करण्यास वाव मिळतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा मोह पडू शकतो. मात्र, केवळ सवलत मिळते म्हणून निर्णय घेणे महागात पडू शकते.

हप्ता लहान, कर्ज मोठे

विक्रेता बहुधा एकूण किमतीऐवजी मासिक हप्त्याविषयी बोलतो. कॅम्परसाठी दहा ते वीस वर्षांचे कर्ज मिळू शकते. उदाहरणादाखल, ३० हजार डॉलरचे कर्ज आठ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २८७ डॉलर येतो. परंतु एकूण फेड ५१ हजार ६०० डॉलरच्या घरात जाते. दुसरीकडे, नवा कॅम्पर शोरूमबाहेर पडताच त्याची किंमत घसरू लागते. त्यामुळे काही वर्षांनी तो विकायचा ठरवल्यास आलेल्या पैशांतून कर्जही फिटत नाही, अशी वेळ येऊ शकते. विक्रीकर, कागदपत्रांचे शुल्क, विमा आणि हिवाळ्यात कॅम्पर ठेवण्याचे भाडे हा खर्च वेगळाच.

वजनाचे गणित

माहितीपत्रकात दिलेले वजन बहुधा रिकाम्या कॅम्परचे असते. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली, तरी सुमारे ३३० पौंड वाढतात. त्यात गॅसच्या टाक्या, भांडीकुंडी आणि कपड्यांची भर पडते. कॅम्परच्या भरलेल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या जोडावर येतो. घरची मोटार हा भार पेलू शकत नसेल, तर मोटारही नवी घ्यावी लागते.

परतीची वाट नाही

खरेदीनंतर तीन दिवसांत वाहन परत करता येते, हा समज चुकीचा आहे. त्या संदर्भातील संघराज्य नियम विक्रेत्याच्या कायमच्या दालनात झालेल्या विक्रीला लागू होत नाही. सदोष नव्या मोटारींबाबत ग्राहकाला संरक्षण देणारे कायदेही अनेक राज्यांत ओढत्या कॅम्परला पूर्णपणे लागू नाहीत. वॉरंटी असली, तरी दुरुस्तीसाठी कॅम्पर ऐन हंगामात आठवडेच्या आठवडे कार्यशाळेत अडकू शकतो.

म्हणूनच सही करण्यापूर्वी पाणी, वीज, गॅस आणि छताच्या सांध्यांची तपासणी करून घ्यावी. शक्य असल्यास त्यासाठी स्वतंत्र तपासनीस नेमावा. आढळलेले दोष लेखी नोंदवून घ्यावेत आणि ते दूर होईपर्यंत ताबा घेऊ नये.

त्याआधी एक-दोन सहली भाड्याच्या कॅम्परने केल्यास आणखी एक हिशेब स्पष्ट होतो. वर्षाकाठी जेमतेम दहा-बारा रात्रीच मुक्काम होणार असेल, तर पंधरा वर्षांच्या हप्त्यांपेक्षा भाडेच परवडण्याची शक्यता अधिक.