फाइलमधले अवघड शब्द

एमआरआयच्या रिपोर्टवर 'मल्टिपल लिजन्स' असं लिहिलेलं असतं. घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, 'मेंदूत गाठी आहेत म्हणे.' झालं, रडारड सुरू! मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, या आजारात लिजन म्हणजे गाठ नव्हे, कॅन्सर तर नव्हेच. लिजन म्हणजे इजा झालेली जागा. स्क्लेरॉसिस म्हणजे घट्ट झालेला व्रण आणि मल्टिपल म्हणजे अनेक. पॅरिसच्या डॉ. शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यातही हे व्रण होतेच.

मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती ते कुरतडते, त्याला म्हणतात 'डिमायलिनेशन'. मग मेंदूचे निरोप अडखळतात. हातापायाला मुंग्या, तोल जाणं आणि झोपूनही न जाणारा थकवा. डोळ्याची नस सुजली तर 'ऑप्टिक न्यूरायटिस'. यात एका डोळ्याने धूसर दिसतं, डोळा फिरवला की दुखतो, लाल रंग फिका वाटतो. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार जास्त होतो, तोही बहुधा विशी ते चाळिशीत. नोकरी, मुलं, सासर यांच्या धावपळीत 'दगदग झाली असेल' म्हणून सगळे मोकळे होतात. आपणसुद्धा!

खरा घोळ होतो 'रिलॅप्स' या शब्दाचा. डॉक्टर त्यालाच 'अटॅक' म्हणतात, पण हार्ट अटॅकशी त्याचा काही संबंध नाही. नवी तक्रार सुरू झाली किंवा जुनी उसळली, ती किमान २४ तास टिकली आणि ताप किंवा इन्फेक्शन नसेल, तर तो रिलॅप्स. गरज वाटली तर त्यावर स्टिरॉइड देतात. पण मे महिन्यात गॅसपुढे तासभर उभं राहिल्यावर धूसर दिसलं आणि पंख्याखाली बसल्यावर निवळलं, तर तो 'स्यूडो-रिलॅप्स'. नवा व्रण झालेला नसतो, उष्णतेने जुनी तक्रार वर आलेली असते. लघवीच्या इन्फेक्शननेही असंच होतं. तिथे आधी लघवी तपासायला हवी. म्हणून तक्रार कधी सुरू झाली, किती वेळ टिकली, ताप होता का, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

'डीएमटी' म्हणजे रिलॅप्स कमी व्हावेत म्हणून दीर्घकाळ घ्यायची औषधं. त्यांनी आज बरं वाटत नाही, म्हणून ती परस्पर बंद करू नका. मूल हवं असेल तर मात्र आधीच डॉक्टरांशी बोला, कारण यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

आणि हो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो.