जुन्या टीव्हीचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा येथे अकोला-नांदेड आणि नागपूर-तुळजापूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात, त्यामुळे रस्त्याकडेच्या घरात टीव्हीवरील संवादाला अवजड वाहनांच्या घरघरीतून वाट काढावी लागते. अशा घरात बातम्यांतील शब्द कळेनासे झाले की संच जुना झाला, आता नवा घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, असे सर्रास मानले जाते. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

मराठवाड्यातच, पैठण तालुक्यातील चितेगावच्या कारखान्यात व्हिडिओकॉनचे पिक्चर ट्यूबचे संच तयार होत असत. त्या पिढीच्या संचांची पेटी खोल असल्यामुळे आत स्पीकरला पुरेशी जागा मिळे आणि त्याचे तोंडही बहुधा प्रेक्षकांकडेच असे. चपट्या पडद्याचे संच आल्यावर ही जागा उरली नाही. स्पीकर लहान झाले आणि त्यांची तोंडे खाली किंवा मागे वळली, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर किंवा मेजावर आपटतो आणि मग कानापर्यंत येतो. म्हणजे दोष वयाचा कमी आणि रचनेचा अधिक आहे, आणि नवा पातळ संच घेऊन तो दूर होईलच असे नाही.

दुसरा गैरसमज वॅटच्या आकड्यांचा आहे. खोक्यावर ठळक छापलेला पीएमपीओचा आकडा क्षणमात्र मिळू शकणाऱ्या कमाल शक्तीचा दावा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. सलग मिळणारी शक्ती आरएमएस या मापाने सांगितली जाते आणि खरेदी करताना तेच पाहावे. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाजाची पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याऐवजी स्पीकर ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आणि त्याच्याकडे तोंड करून ठेवला, तर फरक अधिक जाणवतो, आणि त्याला खर्चही नाही.

बास वाढवला की आवाज 'भारी' होतो हे खरे, पण तो स्पष्ट होत नाही. शब्द ओळखण्यास ज्या व्यंजनांचा सर्वाधिक आधार असतो, त्यांचा महत्त्वाचा भाग साधारण 1000 ते 4000 हर्ट्झ या पट्ट्यात येतो, तर ट्रकची घरघर मुख्यतः त्याहून बरीच खालच्या पट्ट्यात असते. बास चढवल्याने त्या घरघरीतच भर पडते आणि शब्द आणखी दबतात. म्हणून सेटिंगमध्ये बास थोडा उतरवून ट्रेबल थोडा चढवावा, आणि बातम्या किंवा संवादासाठी वेगळा पर्याय दिलेला असल्यास तो निवडावा.

सर्वांत महागात पडणारा समज असा की जुन्या संचाला बाहेरचा स्पीकर जोडता येत नाही. वास्तविक अनेक संचांच्या मागे लाल-पांढऱ्या रंगाचे ऑडिओ आउट किंवा हेडफोनचे छिद्र असते. काही संचांवर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या तारेने आवाज नेणारा, जोड असतो, तर 2009 नंतरच्या अनेक संचांवर आवाज परत बाहेर पाठवणारा एचडीएमआय एआरसी हा जोड सापडतो. यांपैकी काहीच नसेल तर सेटटॉप बॉक्सकडे पाहावे. डीडी फ्री डिशच्या बहुतेक बॉक्सच्या मागे पिवळा, लाल आणि पांढरा असे तीन जोड असतात. त्यांतला पिवळा चित्राचा आणि उरलेले दोन आवाजाचे, तेव्हा लाल-पांढऱ्या जोडांतून आवाज थेट स्पीकरकडे नेता येतो आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवता येतो. मात्र 'आउट' आणि 'इन' हे शब्द नीट वाचावेत, आणि घेतलेला स्पीकर स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे वीज घेऊन आवाज मोठा करणारा असावा. नुसता स्पीकर या जोडाला लावला तर जेमतेम कुजबुज ऐकू येते. घरात पडून असलेले संगणकाचे जुने स्पीकर या कामास पुरेसे असतात.

ब्लूटूथने तार वाचते, पण आवाज बऱ्याचदा उशिरा पोहोचतो. चित्रापेक्षा आवाज साधारण 125 मिलिसेकंद मागे पडला की ओठ आणि शब्द जुळत नाहीत हे लक्षात येऊ लागते, आणि साधे ब्लूटूथ स्पीकर ही मर्यादा सहज ओलांडतात. पाच स्पीकरचा संच घेतला म्हणजे चारही बाजूंचा ध्वनी मिळतो, हाही गैरसमजच आहे. येणारा संकेत दोनच मार्गांचा असेल, तर उरलेले स्पीकर तोच आवाज वाटून घेतात.

पत्र्याचे छत आणि मोकळ्या सिमेंटच्या भिंती आवाज परतवून शब्द अस्पष्ट करतात. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून बाहेरचा गोंगाट अडत नाही, कारण त्यासाठी वजनदार, फटी नसलेला अडथळा लागतो. जाड पडदे, सतरंजी आणि गाद्या यांनी खोलीतला घुमारा मात्र निश्चित कमी होतो.

पिक्चर ट्यूबचा संच वापरणाऱ्यांनी साधे, चुंबकीय आवरण नसलेले स्पीकर पडद्याला चिकटून ठेवू नयेत, कारण चुंबकामुळे चित्रावर रंगांचे डाग उमटतात. अशा संचात प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाची वीज साठून राहू शकते. म्हणून आतला स्पीकर बदलायचा असल्यास मागचे झाकण जाणकार तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्यावे आणि नवा स्पीकर जुन्याच्याच ओहमचा घ्यावा.